टॅग लागला, पण जार कुठे आहे?

प्रश्न : माझी मुलगी हिंजवडीला नोकरी करते. अधूनमधून रात्री तिचा फोन येतो, "आई, आज रिलीज अडकलंय, तू जेवून घे." विचारलं तर म्हणते, बटण दाबलं की सगळं आपोआप होतं. आपोआप होत असेल तर अडकतं काय? आणि अडकलं की ही मुलं रात्रभर नेमकं काय शोधत बसतात?
– एक आई, सांगली

उत्तर : तुमची मुलगी जावा या भाषेत काम करते असं धरून सांगतो. तिकडच्या पुष्कळ कंपन्यांमध्ये तेच चालतं.

तुमची मुलगी आणि तिचे सहकारी जे लिहितात तो नुसता मजकूर असतो, शेकडो फायलींमध्ये विखुरलेला. तो दुसऱ्याला वापरता यावा म्हणून त्याचं भाषांतर यंत्राला कळेल अशा रूपात करायचं, चाचण्या घ्यायच्या, सगळं एका बांधीव फाइलमध्ये भरायचं, तिला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, मूळ मजकुरावर त्याच क्रमांकाची खूण करायची, फाइलवर डिजिटल सही करायची आणि ती सगळ्यांना घेता येईल अशा कोठारात नेऊन ठेवायची. त्या बांधीव फाइलला जार म्हणतात, खुणेला टॅग म्हणतात, आणि या सगळ्या प्रवासाला रिलीज.

हे हाताने करताना माणूस एखादी पायरी विसरतोच, म्हणून अवजारं आली. २००० साली अँट आलं, पण त्यात प्रत्येक प्रकल्पाची बांधणी वेगळ्या पद्धतीने लिहिलेली असायची. अपाचीच्या टर्बाइन प्रकल्पावर काम करणाऱ्यांना याचाच वैताग आला आणि त्यातून मेव्हन जन्मलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००४ची, तर आज आपण ज्या रूपात ते ओळखतो ती दुसरी २००५ची. ग्रेडलची १.० आवृत्ती २०१२ साली आली. ही अवजारं जेनकिन्ससारख्या सर्व्हरवर बसवली की बटण दाबायचंच काय ते उरतं.

तरी अडकतं, कारण यंत्राला पायऱ्या माहीत असतात, त्यांचा हेतू माहीत नसतो. चौथ्या पायरीवर पाय घसरला की ते तिथेच थांबतं. पहिल्या तीन पायऱ्यांचं काय करायचं ते माणसाला ठरवावं लागतं. शिवाय मुलीच्या लॅपटॉपवर अशा कितीतरी गोष्टी असतात ज्यांची नोंद कुणीच केलेली नसते : कधीतरी टाकलेला पासवर्ड, सहीची किल्ली, मागच्या महिन्यात उतरवून ठेवलेली एखादी लायब्ररी, जावाची ठरावीक आवृत्ती. रिलीज काढणाऱ्या सर्व्हरवर यातलं काहीच नसतं. 'माझ्याकडे होतं आणि तिथे नाही, असं काय?' हेच त्या रात्री शोधलं जातं.

हे काम का महत्त्वाचं, याचं एक उदाहरण देतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे नावाच्या जावा लायब्ररीत फार गंभीर सुरक्षात्रुटी उघड झाली. ही लायब्ररी जगभरच्या असंख्य प्रणालींमध्ये खोलवर बसलेली होती. तिच्या स्वयंसेवकांनी त्या एकाच महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा आवृत्त्या काढल्या, कारण एक दुरुस्ती झाली की पुढची फट दिसत होती. आणि दर वेळी ती लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला स्वतःचं सॉफ्टवेअर नव्याने रिलीज करावं लागत होतं. ज्यांची रिलीजची वाट मोकळी होती त्यांचे ग्राहक लवकर सुरक्षित झाले. तुमची मुलगी रात्री जागून जी वाट मोकळी करते, ती अशा दिवसासाठी असते. तिला जेवायची आठवण मात्र जरूर करत जा.

प्रश्न : आमच्याकडे मेव्हनचं रिलीज प्लगिन जेनकिन्सवरून चालतं. 'प्रिपेअर' नीट पार पडलं, १.४.०चा टॅग लागला, पॉममध्ये १.४.१-स्नॅपशॉट आलं. 'परफॉर्म' मात्र फेल झालं. मी पॉममधली आवृत्ती हाताने मागे नेऊन पुन्हा चालवलं, तर 'टॅग आधीच आहे' म्हणतं. टॅग पुसू का? आणि लॅपटॉपवर क्लीन इन्स्टॉल व्यवस्थित होतं, मग तिथेच का पडतं?
– एक प्रोग्रामर, पुणे

उत्तर : टॅग पुसू नका. निदान लगेच तरी नाही.

आधी एकच गोष्ट पाहा : १.४.० बाहेर कुणाच्या हाती लागली आहे का? जेनकिन्सचा लाल गोळा हे सांगणार नाही. तुमचं नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी उघडा आणि त्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये काय पडलं आहे ते डोळ्यांनी बघा. पुढचं सगळं त्यावर ठरेल.

काहीच पोहोचलं नसेल आणि अपयशाचं कारण बाहेरचं असेल, म्हणजे पासवर्ड, सहीची किल्ली, नेटवर्क, तर प्रिपेअर पुन्हा करायची गरजच नाही. टॅगमधला मजकूर बरोबर आहे, फक्त तो बांधून वर चढवायचा राहिला आहे. प्रिपेअर जाताना 'रिलीज.प्रॉपर्टीज' नावाची फाइल मागे ठेवतं, परफॉर्म ती वाचतं. जेनकिन्सने वर्कस्पेस साफ केला असेल तर ती गेली, पण त्याने अडत नाही. परफॉर्मला रेपॉझिटरीचा पत्ता आणि टॅगचं नाव थेट देता येतं. नाहीतर सरळ नव्या क्लोनमध्ये तो टॅग चेकआउट करून रिलीज प्रोफाइलसह डिप्लॉय चालवा. परिणाम तोच.

कठीण प्रसंग अर्धवट पोहोचल्याचा. प्रकल्पात सात मॉड्यूल असतील तर मेव्हन साधारणपणे प्रत्येक मॉड्यूल त्याच्या पाळीला वर चढवतं. तीन गेले आणि चौथ्याला जोडणी तुटली, की कोठारात तीन जार आहेत आणि चार नाहीत. पुन्हा चालवलं तर पहिल्याच मॉड्यूलला नेक्सस ४०० देऊन सांगतं की या रेपॉझिटरीत असलेली फाइल बदलता येत नाही. रिलीजच्या रेपॉझिटरीला हे बंधन मुद्दाम घातलेलं असतं. अ‍ॅडमिनला सांगून ते तासाभरासाठी उठवायचा मोह होतो. माझं मत स्पष्ट आहे : उठवू नका. १.४.० सोडून द्या, १.४.१ काढा, आणि बदलांच्या नोंदीत '१.४.० वापरू नये' एवढी ओळ लिहा. क्रमांक फुकट मिळतात. एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या जार दोन सहकाऱ्यांच्या मशीनवर असल्या, तर त्यांतून उगवणारा बग शोधायला किती दिवस जातील याला हिशेब नाही.

टॅगचंही तेच. तुम्ही सर्व्हरवरचा टॅग पुसून नवा मारलात तरी ज्याने जुना आणलेला आहे त्याच्याकडे जुनाच राहतो. गिट आधीपासून असलेला टॅग आपणहून बदलत नाही. तेव्हा टॅग पुसायचा तर या अटीवर : तो नुकताच लागला आहे, एकही फाइल कोठारात गेलेली नाही, आणि टीममध्ये कुणी तो ओढलेला नाही याची तुम्ही विचारून खात्री केली आहे.

मेव्हन सेंट्रलवर प्रकाशित करत असाल तर एक सोय आहे आणि एक सक्ती. सोय अशी की सगळ्या फायली आधी एकत्र तपासल्या जातात आणि तोवर तो गठ्ठा टाकून देता येतो. सक्ती अशी की एकदा प्रकाशित झालं की ती आवृत्ती बदलता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही. ही सक्ती अगदी योग्य आहे. जगभरचे बिल्ड त्या एका फाइलच्या भरवशावर उभे असतात.

आता लॅपटॉपबद्दल. परफॉर्म तुमच्या फोल्डरमध्ये काम करत नाही. ते टॅगवरून नवी प्रत 'टार्गेट' फोल्डरच्या आत उतरवतं आणि तिथे पहिल्यापासून बांधतं. तुम्ही कमिट करायला विसरलेली फाइल, गिटइग्नोरमध्ये अडकलेली कॉन्फिगरेशन, तुमच्या एम२ फोल्डरमध्ये हाताने इन्स्टॉल केलेली लायब्ररी, यांतलं काही तिथे नसतं. लॅपटॉपवर हीच स्थिती आणायची असेल तर नवा क्लोन घ्या आणि मेव्हनला स्थानिक रेपॉझिटरी म्हणून एक रिकामं फोल्डर द्या. सगळ्या लायब्ररी पुन्हा उतरतील, वेळ लागेल, पण खरं काय ते कळेल.

त्याहून मोठं कारण असं की क्लीन इन्स्टॉल आणि रिलीज ही दोन वेगळी कामं आहेत. रिलीज प्रोफाइलमध्ये सोर्स जार बनते, जावाडॉक बनतं, सही होते, मग अपलोड. यातलं काहीच इन्स्टॉलमध्ये घडत नाही. जावाडॉक तर जावा ८पासून फार कडक झालं आहे. टिप्पणीत 'यापेक्षा लहान'चं चिन्ह तसंच लिहिलं, किंवा पॅरामीटरचं नाव बदलल्यावर वरच्या टिप्पणीत जुनंच राहिलं, तरी ते बिल्ड थांबवतं. कोड उत्तम चालतोय, सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत, आणि महिन्याभरापूर्वी कुणीतरी लिहिलेल्या टिप्पणीने रिलीज अडतं. जे फक्त रिलीजच्या दिवशी चालतं ते बाकीच्या दिवसांत कुणाच्याही नकळत मोडतं. म्हणून रिलीज प्रोफाइलसह 'व्हेरिफाय' रोज रात्री सीआयवर चालवा. अपलोड नको, फक्त तिथपर्यंत जाऊ द्या. एवढ्या एका सवयीने अर्ध्याहून जास्त रात्री वाचतील असं मी अनुभवाने म्हणतो.

लॉग कसा वाचता तेही सांगा म्हणालो असतो, पण बहुतेकांचं एकच होतं, ते शेवटून वाचतात. रिलीज प्लगिन आतमध्ये मेव्हनचा दुसरा अवतार सुरू करतं. त्यामुळे लॉगच्या तळाशी असतं ते एवढंच, की मेव्हन चाललं आणि एक्झिट कोड १ देऊन थांबलं. खरी चूक आतल्या मेव्हनच्या लॉगमध्ये, बरीच वर असते. वरून खाली या आणि पहिल्या एररपाशी थांबा. या दुसऱ्या अवताराचा आणखी एक परिणाम : कमांडवर दिलेल्या 'मायनस डी'च्या सेटिंग्ज आत पोहोचत नाहीत. चाचण्या वगळायला सांगितल्या तरी त्या चालतात, किल्लीचा पासफ्रेज दिला तरी 'नाही' म्हणतं. त्या सगळ्या 'आर्ग्युमेंट्स' नावाच्या एका पॅरामीटरमध्ये अवतरणचिन्हांत बांधून द्याव्या लागतात.

परफॉर्ममध्ये पडणाऱ्यांपैकी बरेच सहीपाशी पडतात. तिथला संदेश कुणालाही चकवेल : 'इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस'. डिस्क बिघडली की काय असं वाटतं. प्रत्यक्षात जीपीजीला किल्लीचा पासफ्रेज विचारण्यासाठी चौकट उघडायची आहे, आणि जेनकिन्सच्या त्या प्रक्रियेला स्क्रीनच नाही. तोडगा म्हणजे जीपीजीला 'लूपबॅक' पद्धतीने पासफ्रेज घ्यायला सांगायचं आणि तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्यायचा. मेव्हनच्या जीपीजी प्लगिनमध्ये ३.२.०पासून त्यासाठी ठरलेलं व्हेरिएबल आहे. कमांडच्या ओळीत पासफ्रेज लिहू नका, तो लॉगमध्ये उमटतो. सही झाली तरी सेंट्रल ती नाकारत असेल, तर किल्लीची मुदत संपली आहे का आणि सार्वजनिक किल्ली कीसर्व्हरवर पाठवली आहे का, हे बघा.

अपलोडला ४०१ आला की सगळे पासवर्ड बदलत सुटतात. थांबा. सेटिंग्जच्या फाइलमधल्या सर्व्हरचा आयडी आणि पॉममधल्या रेपॉझिटरीचा आयडी अक्षरशः एकच आहे का, ते पाहा. जुळत नसेल तर मेव्हन पासवर्ड पाठवतच नाही, मग तो कितीही बरोबर असो. ४०३ असेल तर ओळख पटली आहे पण परवानगी नाही, म्हणजे अ‍ॅडमिनला फोन. ४००ला वर सांगितलेलं कारण असतं किंवा स्नॅपशॉटच्या रेपॉझिटरीत रिलीज ढकलली जात असते.

गिटच्या बाजूने जेनकिन्सवर हमखास येणारी अडचण एकच. तो ब्रँच घेत नाही, थेट एक कमिट चेकआउट करतो, आणि प्रिपेअर पुश करायला गेलं की 'हेड हा सिम्बॉलिक रेफ नाही' असं उत्तर मिळतं. जॉबच्या गिट सेटिंगमध्ये स्थानिक ब्रँचवर चेकआउट करण्याचा पर्याय जोडला की प्रश्न सुटतो. गिटहब अ‍ॅक्शन्सवर गेलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथलं चेकआउट फक्त शेवटचा एक कमिट आणतं, टॅग आणत नाही. टॅगवरून आवृत्ती ठरवणारं प्लगिन मग चुकीचा क्रमांक काढतं. आणि वर्कफ्लोने स्वतःच्या आयत्या टोकनने टॅग पुश केला, तर त्या टॅगवर सुरू व्हायला हवा असलेला दुसरा वर्कफ्लो सुरूच होत नाही. कुठेही एरर दिसत नाही, लोक नुसते वाट बघत बसतात. ही गिटहबने मुद्दाम ठेवलेली मर्यादा आहे. नाहीतर वर्कफ्लो एकमेकांना अखंड उठवत राहिले असते.

ड्राय रन जरूर वापरा. आवृत्त्या कशा बदलतील, कुठे स्नॅपशॉट डिपेंडन्सी शिल्लक आहे, हे त्यात कळतं. पण त्यात पुश नाही आणि अपलोडही नाही, त्यामुळे वरच्या निम्म्याहून जास्त अडचणी त्यात दिसणार नाहीत. तो पास झाला म्हणून निर्धास्त होऊ नका.

प्रश्न : आमच्या छोट्या लायब्ररीचा कोड वर्षभरात एका अक्षरानेही बदलला नाही. गेल्या वर्षी त्याच स्क्रिप्टने रिलीज निघालं होतं, आज निघत नाही. असं कसं होतं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : कोड बदलला नाही, पण तो ज्यावर उभा आहे ते बदललं.

तुम्ही सेंट्रलवर प्रकाशित करत असाल तर बहुधा कारण हेच : सोनाटाइपची जुनी प्रकाशन सेवा, ओएसएसआरएच, ३० जून २०२५ला बंद झाली. आता सेंट्रलच्या नव्या पोर्टलवरून जावं लागतं. पत्ता वेगळा, मेव्हनसाठी प्लगिन वेगळं, आणि टोकनही पोर्टलवरून नव्याने काढावं लागतं. जुनं स्टेजिंग प्लगिन जुन्या पत्त्यावर दार ठोठावत राहतं. तुमची नेमस्पेस पोर्टलवर दिसते का ते आधी बघा, मग पॉमला हात लावा.

असे बदल याआधीही झाले आहेत. १५ जानेवारी २०२०ला मेव्हन सेंट्रलने साधं एचटीटीपी बंद केलं. ज्यांच्या पॉममध्ये जुना पत्ता होता त्यांचे बिल्ड त्या दिवशी ५०१ घेऊन थांबले. २०२१मध्ये मेव्हन ३.८.१ आलं आणि त्याने बाहेरच्या सगळ्याच एचटीटीपी रेपॉझिटरी आपणहून अडवायला सुरुवात केली. त्याच वर्षी १ मेला बिनट्रे ही प्रकाशन सेवा बंद पडली. तिच्यासोबतचं जेसेंटर हे कोठार काही काळ फक्त वाचण्यापुरतं राहिलं, आणि ऑगस्ट २०२४पासून तिकडे जाणाऱ्या विनंत्या मेव्हन सेंट्रलकडे वळवल्या गेल्या. जी लायब्ररी फक्त जेसेंटरवर होती तिचं नाव अजूनही एखाद्या ग्रेडल फाइलमध्ये असतं, आणि जुन्या मशीनच्या कॅशमुळे बिल्ड चालतही राहतो. नवं मशीन आलं की उघडं पडतं.

दुसरा संशयित सर्व्हरवरचं जेडीके. कुणीतरी ते ८वरून १७वर नेलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. जुनं ग्रेडल असेल तर 'क्लास फाइल मेजर व्हर्जन ६१' चालत नाही असं ते म्हणतं. ६१ म्हणजे जावा १७. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६५ म्हणजे २१. हे आकडे पाठ असलेले बरे. जावा १७वर चालायला ग्रेडल किमान ७.३ लागतं.

हे निदान थांबतं तरी. बिल्ड हिरवा राहून रिलीज बाहेर पडते आणि मग ग्राहकाकडे फुटते, तो प्रकार जास्त वाईट, आणि जावाने त्याचं एक नमुनेदार उदाहरण घालून दिलं आहे. बाइटबफर या वर्गात 'फ्लिप' नावाची पद्धत आहे. जावा ८मध्ये ती वरच्या बफर वर्गाकडून येते आणि बफर परत देते. जावा ९मध्ये ती बाइटबफरमध्ये नव्याने लिहिली गेली आणि बाइटबफर परत देऊ लागली. आता समजा सर्व्हरवर जेडीके ११ आहे आणि पॉममध्ये सोर्स ८, टार्गेट ८ लिहिलं आहे. कंपायलर क्लास फाइल ८ची बनवतो, पण पद्धती शोधतो स्वतःच्या, म्हणजे ११च्या लायब्ररीत. त्यामुळे जारमध्ये नोंद होते ती बाइटबफर परत देणाऱ्या फ्लिपची. सर्व्हरवरच्या चाचण्या ११वरच चालतात, सगळ्या पास होतात. ग्राहक ती जार जावा ८वर चालवतो आणि त्याला मिळतो नोसचमेथडएरर. कोडकडे बघून काहीही कळत नाही, कारण कोडमध्ये चूकच नसते.

जावा ९पासूनच याचा उपाय आहे. सोर्स आणि टार्गेटऐवजी 'रिलीज' हा पर्याय ८ असा द्यायचा, म्हणजे कंपायलर ८च्या लायब्ररीत काय होतं तेवढंच बघतो. मेव्हनच्या कंपायलर प्लगिनमध्ये ३.६पासून तो आहे, ग्रेडलमध्येही आहे. तुमच्या पॉममध्ये आज सोर्स आणि टार्गेट असेल तर सेंट्रलचं काम हाती घेण्याआधी ही एक ओळ बदला. आणि गेल्या वर्षीचा लॉग जपून ठेवला असेल तर त्यात 'बूटस्ट्रॅप क्लास पाथ' सेट नाही अशी इशाऱ्याची ओळ आहे का ते शोधा. ती सापडली, तर गेल्या वर्षी बाहेर गेलेली जार जावा ८वर एकदा चालवून पाहायला हवी.